मागच्या बोळातला बर्फ

शिकागोत घर घेताना सगळ्यांनी मला शॉमबर्ग या उपनगरात घे म्हणून सांगितलं होतं. तिथे आपली माणसं आहेत, रस्ते रुंद आहेत, बर्फ पडला की दोन तासांत साफ होतो. मी ऐकलं नाही. मला शहरातली जुनी वस्ती हवी होती, विटांची घरं आणि डोक्यावर मोठी झाडं. घराच्या मागे बोळ आणि बोळात गॅरेज. ऑक्टोबरात बघितला तेव्हा तो बोळ मला फार गोड वाटला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण बोळातला बर्फ कुणी काढत नाही. महापालिकेच्या गाड्या मोठ्या रस्त्यांवर फिरतात. बोळ इतका अरुंद, की बर्फ बाजूला ढकलला तर तो लोकांच्या गॅरेजच्या दारांवरच जाऊन बसेल. मग पहिल्यांदा कचऱ्याची गाडी येते, तिच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या पडतात, त्या गोठतात आणि पुढचे पंधरा दिवस सगळे त्यांतूनच ये-जा करतात. मराठीच्या बाईंनी चाकोरीबाहेर जगा म्हणून आम्हाला किती निबंध लिहायला लावले होते. इथे चाकोरीबाहेर गेलं की गाडी ओढायला टो ट्रक बोलवावा लागतो.

आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इकडे आणलं. सहा महिन्यांसाठी या, असं सांगितलं, पण माझ्या मनात कायमचं होतं. मी एकुलती एक, इथे एकटी राहणारी. ते तिकडे एकटे, मी इकडे एकटी, हे मला सहन होत नव्हतं. ग्रीन कार्डचा फॉर्म मी त्यांच्या येण्याआधीच भरून ठेवला होता, फक्त त्यांची सही बाकी होती. रोज विचारायचं ठरवायचे आणि रोज जेवताना भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारून उठायचे.

नव्याचे नऊ दिवस संपले आणि अण्णा गप्प झाले. मी कामावर, ते खिडकीत. संध्याकाळी सांगायचे, आज एक बाई कुत्रं घेऊन गेली. एका शनिवारी त्यांना शॉमबर्गला नेऊन त्यांच्या वयाच्या चार काकांमध्ये बसवलं. परतताना म्हणाले, सगळे गुडघ्यांबद्दलच बोलतात.

मग जानेवारीत बर्फ पडला, चांगला गुडघाभर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमधून गाडी काढली आणि दोन हातांवर ती रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबते आहे, चाक जागच्या जागी फिरतंय, वास सुटलाय. मागून माकडटोपी आणि माझं जुनं गुलाबी जॅकेट घालून अण्णा आले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. गळीत हंगामात काट्यापुढच्या चिखलात रुतलेली उसाची एकेक गाडी चाकाखाली पाचट घालून त्यांनी बाहेर काढलेली. पाचट इथे कुठून येणार? ते तळघरात गेले आणि बासमतीच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आले. या देशात एकही मराठी घर नसेल जिथे त्या तागाच्या पिशव्या साठलेल्या नाहीत. त्यांना चेन असते, धरायला बंद असतात, म्हणून टाकवत नाहीत. अण्णांनी त्या चाकांखाली सारल्या आणि मला म्हणाले, पाय हलका ठेव, गाडीवर ओरडू नकोस. गाडी निघाली.

समोरच्या गॅरेजचे आजोबा फावडं धरून बघत होते. बसगाड्यांच्या दुरुस्तीतून रिटायर झालेले, बायको गेलेली. तासाभरात त्यांनी अण्णांना आपल्या गाडीकडे नेलं. दोन दिवसांत सगळा बोळ पिशव्या मागायला यायला लागला. अण्णांच्या इंग्रजीत ‘स्लोली, स्लोली’ एवढाच शब्द होता, बाकी सगळं मराठीत. आजोबा इंग्रजीत उत्तर द्यायचे. कुणाचं काही अडलं नाही. थर्मासमधून कॉफी यायची, संक्रांतीला आमच्याकडून तिळाच्या वड्या गेल्या. संध्याकाळी अण्णा जेवता जेवता मला बोळातल्या बातम्या सांगायचे, आणि मला वाटायचं, आता सही मागितली तरी चालेल. पण मी म्हटलं, आणखी थोडं रमू दे.

फेब्रुवारीत ऊन पडलं आणि आठवड्याभरात बोळ मोकळा झाला. लोक घरातूनच बटण दाबत, दार वर जाई, गाडी निघे, दार खाली येई. तीन दिवस अण्णा माकडटोपी घालून फाटकात उभे होते. आजोबांनी गाडीतून हात केला आणि निघून गेले. चौथ्या दिवशी मी चहाबरोबर फॉर्म पुढे ठेवला.

त्यांनी तो चष्मा लावून, जणू सगळं समजतंय असा, शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, “अगं, माणसं चांगली आहेत इथली. पण त्यांना बाहेर काढायला बर्फ पडावा लागतो. आमच्याकडे नुसतं ओट्यावर बसलं तरी पुरतं.”

आमच्याकडे म्हणाले. आयुष्यभर ते माझ्याशी ‘आपल्याकडे’ असंच बोलत आले होते. आपल्याकडे यंदा थंडी नाही, आपल्याकडे पाणी आलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. मी कप खाली ठेवला. मग मी भांडले. तिथे तरी कोण आहे तुमचं, असंही बोलून गेले. त्यांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मार्चमध्ये गेले.

आता डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत. दर रविवारी सकाळी माझा फोन असतो, तिकडे तेव्हा संध्याकाळ. जेवण, तब्येत झालं की ते विचारतात, तुमच्याकडे बर्फ पडला का गं? यंदा इथे बर्फ असा पडलाच नाही. सगळे खूश आहेत, मी एकटीच रोज हवामानाचा अंदाज बघत बसते. नाही म्हटलं तर ते, बरं, ठेवतो मग, म्हणतात. पडला म्हटलं तर पाव तास बोलतात. म्हणून महिनाभर मी पडला असंच सांगते आहे.

गेल्या रविवारी म्हटलं, खूप पडलाय, गाडी रुतलीये. त्यांचा आवाज एकदम ताठ झाला. चाक कुठल्या बाजूला आहे, मागे किती जागा आहे, समोर कुणी उभं आहे का, सगळं विचारलं. काय काय करायचं ते सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोरड्या बोळाकडे बघत हं, हं म्हणत होते.

“निघाली का?” त्यांनी विचारलं.

“नाही निघत, अण्णा,” मी म्हटलं. “तुम्ही या ना.”