मावशींच्या मापाची रायफल

मावशींनी आजवर ज्या माणसांना बेशुद्ध केले, ती सगळी एका रांगेत उभी केली तर ती रांग इंग्लंडातल्या आमच्या रीडिंगहून निघून थेट शेजारच्या ब्रॅकनेल गावाला पोहोचेल, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. मावशी म्हणजे माझ्या पत्नीची सख्खी मावशी. इथल्या हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात भूलतज्ज्ञ म्हणून काढली. उंची अशी की ऑपरेशनच्या टेबलापाशी त्यांच्यासाठी एक लाकडी पायरी कायम ठेवलेली असे, आणि धिप्पाड सर्जन त्या पायरीला ठेच लागून शिव्या देत. मी शिक्षणाने फार मोठा नसलो, तरी या गावातली मराठी मंडळी व्हिसाचे, कौन्सिलचे, पार्किंगच्या दंडाचे अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात. आयटीतली मुले इंग्रजी बोलतात फाडफाड. परंतु विनंती कोठे करावी आणि निषेध कोठे नोंदवावा हे त्यांना समजत नाही. त्यामुळे माणसांची पारख मला आहे, आणि या पारखीच्या आधारे सांगतो, मावशींसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्यांचा सारा संसार वजनावर चाले. भूल देताना रुग्णाचे वजन पाहून औषध ठरवायचे, ही सवय त्यांच्या हाडीमाशी इतकी मुरली होती की जेवायला बसलेल्या पाहुण्यालाही त्या आधी वजन विचारत. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष एकदा त्यांच्याकडे पुरणपोळीला आले होते. मावशींनी पंक्तीत सर्वांसमक्ष विचारले, "वजन काय हो तुमचं? खरं सांगा, कोट काढून." अध्यक्षांनी लाजत एक आकडा सांगितला. मावशींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळले, "हे तुमच्या लग्नातलं असेल," असे म्हटले आणि पानातली तिसरी पोळी उचलून माझ्या पानात वाढली. रागावतानाही त्यांचे हेच. लहानखुऱ्या माणसाला हळू आवाजात, जाड्या माणसाला मोठ्याने. मला त्या नेहमी मोठ्याने बोलत.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, मात्र ताडमाड. पेशाने इंजिनियर, पण जीव सगळा रानात. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात हरणे मारण्याची परवानगी त्यांना होती. इकडे हरणे फार झाली की कोवळी झाडे खाऊन टाकतात, म्हणून परवाना घेऊन ती मारणारी माणसे शेतकऱ्यांना हवीच असतात. शेवटच्या वर्षी काकांनी त्या रानाच्या एका उतारावर ओकची आणि हेझलची रोपे स्वतः लावली. मावशी थर्मास घेऊन मचाणाखाली बसत, आणि काका वरून खुणेनेच चहा मागत. मग काका गेले. कर्मकांडे आटोपली. पंधरवड्याने शेतकरी दारात टोपी हातात धरून उभा राहिला. भेकरे रोपांचे शेंडे खाऊ लागली आहेत, असे तो म्हणाला. वसंतापर्यंत वाट पाहतो. नंतर हे काम दुसऱ्या माणसाला द्यावे लागेल, आणि एकजण बंदूक घेऊन बसलेला असताना दुसरे कोणी रानात फिरले तर धोका, म्हणून मग बाकी कोणी तिथे येऊ नये.

मावशी त्याला म्हणाल्या, "मीच येते."

तो गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, अहो, हे वय आहे का?"

"जावईबापू, ह्यांची झाडं ती. दुसरा कोण माणूस बसणार त्या मचाणावर? आणि मी कुठे जाऊ मग?" एवढे बोलून त्यांनी चहाची भांडी आत नेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. घरात दिवा लावायचे कोणालाच सुचले नाही.

काकांची रायफल त्यांना निरुपयोगी होती. शूटिंग रेंजवर ती एकदाच उडवली. दस्ता इतका लांब की तो खांद्यावर न बसता गळ्याच्या हाडावर बसला, आणि नळीवरच्या दुर्बिणीने मागे येऊन भुवई फोडली. घरी येऊन आरशासमोर जांभळा डाग तपासत त्या मला म्हणाल्या, "क्लॅव्हिकल. थोडक्यात वाचलं. ह्यांचा डोस मला दिला हो. चूक बंदुकीची नाही, प्रिस्क्रिप्शनची आहे." त्यात मावशींची हाडे वयाने ठिसूळ झालेली, डॉक्टरांनी पडू नका, आदळू नका असे बजावलेले. तेव्हापासून आम्ही मावशींच्या मापाच्या रायफलीच्या शोधात निघालो. परवान्याचा अर्ज अर्थातच मी लिहिला. त्यात काकांच्या सद्गुणांवर एक स्वतंत्र परिच्छेद होता. मावशींनी तो काढून टाकला. "पोलिसांना ह्यांचं कौतुक नकोय, कारण हवंय. भेकरं झाडं खातात, एवढं पुरे."

पावसाळी, करड्या शनिवारी आम्ही एकेक दुकान पाहत असू. मावशी दुकानात शिरताच विक्रेता माझ्याकडे वळे. मी अदबीने हात करून खाली निर्देश करी. एकाने त्यांना पिसासारखी हलकी रायफल दिली आणि 'लेडीज'साठी हीच उत्तम असे सांगितले. मावशींनी ती तळहातावर तोलली. "हलकी आहे म्हणूनच जास्त लाथ मारेल. धक्का कोणीतरी खायलाच हवा ना? बंदूक खात नसेल तर मी खाणार." दुसऱ्याने जड रायफल दाखवली, तिचा धक्का मवाळ, पण ती उचलून मचाणाची शिडी चढणे अशक्य. अगदी छोट्या काडतुसाची का नको, असे मी विचारले, तर मोठ्या जातीच्या हरणांना ते कायद्याने चालत नाही, असे कळले. अखेर एका आडगावातल्या वृद्ध विक्रेत्याने मावशींना बूट काढून सरळ उभे केले, कोपरापासून बोटापर्यंत टेप लावला आणि आतून एक रायफल आणली. कायद्यात बसेल असे सर्वांत लहान काडतूस, आखूड दस्ता, मागे जाड रबर, पुढे आवाज आणि धक्का दोन्ही गिळणारी नळी, आणि डोळ्यापासून लांब बसणारी दुर्बीण.

"ही मुळात मुलांसाठी बनवतात, मॅडम," तो चाचरत म्हणाला.

"हॉटेलातही मला किड्स मेन्यूच देतात. चव चांगली असते. द्या."

रेंजवरून परतल्यावर मावशी माझ्या पत्नीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. आतून ओरडल्या, "जावईबापू, डाग नाही! एवढासासुद्धा नाही!" काका गेल्यापासून त्या घरात मोठा आनंदी आवाज मी प्रथमच ऐकला.

रानात त्या दुसऱ्याच दिवशी जाऊ शकल्या असत्या. परंतु नवे शस्त्र पुजल्यावाचून वापरायचे नाही, असे मावशींचे म्हणणे. खंडेनवमी आठवड्यावर आली होती. वर्षानुवर्षे त्या या दिवशी स्टेथोस्कोप आणि घशात घालायच्या नळीचे हत्यार पाटावर मांडून हळदकुंकू वाहत आल्या होत्या. यंदा मध्ये रायफल ठेवली. काडतुसे कपाटात कुलूपबंद. रायफलीचा बोल्ट, ज्याच्यावाचून ती नुसती नळी, तो मावशींनी साडीच्या कनवटीला खोचला होता. पूजा झाल्यावर नियमाने ती परत कपाटात जायला हवी होती. पण सणाच्या दिवसांत शस्त्र कोंडून ठेवायचे नसते, म्हणून ती दसऱ्यालाही पाटावरच राहिली, आणि सोने वाटायला सगळे मंडळ घरात आले. नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका नव्या नवरीने, मावशी स्वयंपाकघरात मसाले दूध ओतत असताना, ती रायफल उचलून फोटो काढून घेतला. संध्याकाळपर्यंत तो मंडळाच्या ग्रुपवर होता. तेथून तो पोलिसांपर्यंत कोणी पोहोचवला, हे आजवर उघड झालेले नाही.

परवाना पाहणारी अधिकारी बाई आली ती अत्यंत सौजन्याने. मी शेजारी बसून होतो.

"ती कपाटाबाहेर का होती, मॅडम?"

"पूजा होती."

"त्या वेळी घरात कोण होतं?"

"सगळेच," मावशी म्हणाल्या. मी टेबलाखालून पाय मारला. "पाय मारू नका, जावईबापू, खरं आहे ते. मी दुधापाशी होते. रायफलीवर माझी नजर नव्हती."

बाईने रायफल नेली. मी खंडेनवमीचा उगम, शस्त्राविषयी आमच्या समाजाची पूज्यबुद्धी आणि मावशींची निष्कलंक सेवा, यांवर सविस्तर निवेदन सादर केले. हिवाळाभर उत्तर आले नाही. मावशी त्या दिवसांत फार कमी बोलत. कोणाला वजन विचारत नसत. वाढायचे ते वाढत. वसंताच्या तोंडाशी परवाना रद्द झाल्याचे कळले, आणि त्याच आठवड्यात शेतकऱ्याने ते काम एका तरुण माणसाला दिले. मी अपिलाची तयारी करून गेलो. मावशींनी कागद वाचलेही नाहीत.

"नियम बरोबर आहे त्यांचा. मी थिएटरमध्ये औषधांची ट्रॉली उघडी टाकून दूध ओतायला गेले असते का? नसते गेले. मग?"

मी अपिलाचे कागद परत पिशवीत घातले.

रायफल त्या वृद्ध विक्रेत्याकडे विकायला गेली. काही दिवसांनी तो म्हणाला, पशुवैद्यक शिकणाऱ्या एका बुटक्या मुलीने ती घेतली. मावशींनी एवढेच विचारले, "तिच्या खांद्याला लागत नाही ना?" नाही, तो म्हणाला. मावशींनी मान हलवली आणि कोटाची बटणे लावली.

शेतकरी मनाचा वाईट नव्हता. रविवारी तो तरुण येत नाही. त्या दिवशी दुपारी मावशींनी यावे, असे त्याने कळवले. पहिल्या रविवारी मी सोबत गेलो. आभाळ खाली उतरले होते, चिखल घोट्यापर्यंत. मावशी मचाणाची शिडी रिकाम्या हातांनी चढल्या. मी खाली उभा राहिलो.

"मावशी, काय दिसतं?"

"झाडं दिसतात. थोडी वाढलीयत हो. तो पोरगा बरं काम करतो." मग थांबून म्हणाल्या, "तुम्ही थर्मास उघडा. मी येतेच पाच मिनिटांत."

मी चहा ओतला. पेल्यावर हात धरून उभा राहिलो. अंधार पडला, चहा निवला, तरी मी त्यांना हाक मारली नाही.