तेगीचे दोन अर्थ

दाताच्या दवाखान्यातली खुर्ची मागे कलते तेव्हा पोटात जे होतं, ते मला आधीपासून ओळखीचं होतं. लहानपणी उसाच्या गाडीत मोळ्यांवर उताणी पडून मी भालकीला जायची. बैल चढाला लागले की माझं डोकं खाली, पाय वर. आभाळ सरकायचं. ते सरकतंय की आपण, काही कळायचं नाही. जाग आणि झोप यांच्या मधल्या बांधावरून गाडी चालल्यासारखं वाटायचं.

पण त्या खुर्चीत पाठ टेकायला मला साठ वर्षं लागली.

नऊ वर्षांची होते. बाजारात एक माणूस फडक्यावर उपटलेले दात मांडून बसायचा. वडिलांनी माझे हात धरले, त्यानं छातीवर गुडघा रोवला आणि किडक्याच्या शेजारचा चांगला दात उपटला. चुकलं म्हणाला, मग किडकाही उपटला. वडील त्याला काही बोलले नाहीत. मलाच म्हणाले, "रडायलीस कामून? झालं की." त्यानंतर मला विंचू चावला, बाळंतपणं झाली, म्हशीनं पाय तुडवला, मी ओरडले नाही. दातांच्या डॉक्टरचं नाव निघालं की मात्र तळहात ओले व्हायचे. दुखलं की मिश्री दाबायची आणि गप्प बसायचं.

मागल्या वर्षी वरची डावी दाढ उठली. आधी भाकरी वरणात भिजवून उजवीकडनं खाल्ली, मग तेही होईना. गाल सुजला, डोळा बारीक झाला. मला साखरेचा आजार आहे. माझी सून शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आत्या, ह्ये विष अंगात उतरंल. मरायचंच असंल तर आत्ताच सांगा, मी रजा टाकत न्हाई." ती माझ्यासारखीच बोलते, म्हणून आमचं जमतं.

भालकीतली डॉक्टरीण तरुण, कन्नड बोलणारी. तिनं माझ्या गळ्यात हिरवं फडकं बांधलं, दिवा ओढला आणि म्हणाली, "अज्जी, बायि तेगीरी."

माझं कन्नड शेतातलं. खुरपायला बाया यायच्या, त्यांना मी 'कळे तेगी' म्हणायची. म्हणजे तण काढ, मुळासकट. तेगी म्हणजे उपट, एवढंच मला ठाऊक. आणि 'बायि' म्हणजे तोंड, पण त्या वेळी मला ऐकू आलं आपलं 'बाई'. आजी, बाई, उपटा! न बघताच! वडिलांचे हात मला मनगटावर स्पष्ट लागले. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती.

भानावर आले तेव्हा मी बसस्टँडवर होते. गळ्यात फडकं तसंच. शेंगा विकणारा म्हातारा म्हणाला, "काय अक्का, पंगतीतून उठून आलाव? वाढलं न्हाई का कुणी?"

मागून सून धापा टाकत आली. "अवो आत्या, तोंड उघडा म्हणायली ती! दात उपटा न्हाई!" आणि पोट धरून हसायला लागली. मी हसले नाही. परतही गेले नाही. तिनं गोळ्या आणून दिल्या, सूज उतरली, आणि बरं झालं असं समजून मी तीन महिने घालवले.

मग दाढ पुन्हा उठली. या वेळी सुनेनं आधी जाऊन डॉक्टरणीला बाजारातली गोष्ट सांगितली. डॉक्टरणीनं माझ्याशी करार केला. मी हात वर केला की ती थांबणार, काहीही चालू असो. पहिल्या दिवशी ती मला नुसती खुर्चीत मागं-पुढं करत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं दाढेचा एक्स-रे फोटो काढला आणि खरं ते सांगितलं. दाढ तीन महिन्यांपूर्वी वाचली असती. आता मूळ सडलंय.

"तेगी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तेगी."

आता तो माझाच अर्थ होता. मी पळाले होते त्या उपटण्यापासून, जे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. पळाले म्हणूनच ते आलं.

सुई टोचली. थोड्या वेळानं गाल परका झाला. मी तीनदा हात वर केला, दुखत होतं म्हणून नाही, ती थांबते का ते बघायला. तिन्ही वेळा थांबली. लहानपणी कुणी एकदाही थांबलं नव्हतं. मग दिव्याचा उजेड पापण्यांतून लाल होऊन आला, पदर तोंडावर घेऊन उन्हात पडल्यावर येतो तसा. नळीतून थुंकी ओढली जात होती, आणि मला वाटलं, मोटेचं पाणी पाटात उतरतंय. गाडी चढाला लागली. खाली ऊस करकरला, एकदा, दोनदा, पार मुळापासून. वडील पुढं बसले होते, पाठमोरे. त्यांचे हात कासऱ्यावर होते, माझ्या मनगटावर नव्हते. आपल्याला हात वर करायचाय, हे मी विसरूनच गेले.

"आयितु," डॉक्टरीण म्हणाली. झालं.

ताटलीत दाढ पडली होती, भिजलेल्या मक्याच्या दाण्याएवढी. एवढ्याशा वस्तूला मी एवढी भ्याले, याचा रागच आला.

कापूस धरून अर्धा तास बसले. निघताना डॉक्टरणीनं पुन्हा बोलावलं. खालची एक दाढही काळी दिसत होती, तिला ती वेळेत भरायची होती. ती दिवा ओढत म्हणाली, "अज्जी, तेगीरी."

माझे तळहात ओले झालेच. झोपलेल्या ओठांनी मी कसंबसं विचारलं, "काय तेगी? दात का तोंड?"

ती हसली. "बायि, अज्जी. बायि."

मी तोंड उघडलं.