सचिवांच्या कपाटातली वही

माझ्या आठवणींवर माझाच आता फारसा भरवसा नाही. मोहाडीतल्या आमच्या क्लबचे किस्से इतके साचलेत की कोणता आधी, कोणता नंतर, घोळ होतो. पण नामदेवराव सचिव होते आणि इतिवृत्ताची वही त्यांच्या कपाटात कुलपात असे, एवढं नक्की. बहुतेक.

*

एका सभेत मी, पीएच.डी. झालेला माणूस, भीत भीत म्हणालो की मागचं इतिवृत्त वाचून दाखवा. नामदेवराव म्हणाले, "सर, मागच्या मीटिंगले तुमी होतेच ना? मंग वाचाचं कायले?"

सगळे हसले. मीही हसलो.

*

एका सभासदाने ठरावाची नक्कल मागितली. नामदेवराव अर्ज द्या म्हणाले. दिला. त्यावर सभेत निर्णय होणार होता, पण सभेत अर्ज निघालाच नाही. तो गोपनीय म्हणून कपाटात गेला होता!

*

तपासणीला साहेब आले, तर नामदेवराव सिहोऱ्याला लग्नात आणि किल्ली त्यांच्या खिशात. साहेबांनी कपाट बाहेरून न्याहाळलं, चहा घेतला आणि 'दप्तर सुस्थितीत' असा शेरा मारून गेले.

*

क्लबच्या मागे शेषरावांचा हातमाग. हॉलसाठी त्यांनी आपली जागा दिली, तेव्हा हातमागापर्यंत जायला वाट कायम ठेवायचं सभेत ठरलं होतं. पुढे क्लबने कंपाउंडची भिंत बांधायला काढली. वाट बंद होणार म्हणून शेषराव माझ्याकडे आले.

"सर, ठराव झालता ना? तुमी होते तवा."

मी म्हणालो, आठवतं तर आहे, पण माझ्या आठवणीपेक्षा कागद बरा.

ते तीनदा नामदेवरावांकडे गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर: ठराव आहे, पण सभासद नसलेल्याला दाखवता येत नाही. शेषराव सभासद नव्हते. मी होतो. मी मागितला नाही.

भिंत झाली. शेषराव सुताचे गठ्ठे डोक्यावर घेऊन बोडीच्या, म्हणजे मागच्या तळ्याच्या, पाळीवरून फिरून जाऊ लागले. मला दिसले की नमस्कार करत. तोही खाली मान घालून नाही, सरळ बघून.

*

बऱ्याच वर्षांनी नामदेवराव मुलाकडे नागपूरला गेले आणि कपाट उघडलं. वाटेचं ठरलं त्या सभेचं पान मी स्वतः शोधलं. चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

वर तारीख. खाली सात सह्या, तिसरी माझी. मधलं सगळं पान कोरं.