संगमरवरातली करंगळी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. कासुर्डीजवळ हायवेला माझं मार्बलचं दुकान आहे. समाधीच्या दगडांवर बसून डबा खाणारा माणूस मी... तरीही हे लिहितोय.

मांडवगण फराट्याचे एक रिटायर्ड शिक्षक, आप्पा, बायकोच्या समाधीसाठी पुस्तकातला फोटो घेऊन आले. प्राचीन ग्रीसमधला थडग्याचा दगड — खुर्चीत बसलेली बाई, समोर उभा पुरुष, हातात हात.

"निरोप घेत्यात," आप्पा म्हणाले. "त्यातलं मेलेलं कोण, ते मातर कळत न्हाई बघा."

काम सुरू असतानाच पाबळहून भाच्याचा फोन आला. "मामा, आई लई आजारी हाय. तुमचं नाव घेतीय. येऊन जावा."

"हक्कसोडीवर सही करती का, ते आधी विचार!" मी फोन कापला. मी विहीर पाडून बागायत केलेल्या वडिलांच्या जमिनीत ताईनं वाटा मागितला, म्हणून नऊ वर्षं मी भाऊबीजेला गेलो नव्हतो. चूक तिचीच होती, हे आजही म्हणतो.

दगड तयार झाला. पाहिला आणि डोकं फिरलं. बाईची करंगळी मधल्या पेरात बाहेर वाकलेली. फोटोत सरळ! अशी करंगळी माझ्या ताईची... लहानपणी मी कडबाकुट्टीत हात घातला, तो ओढून काढताना तिचं बोट मोडलं होतं. माझा कारागीर राजस्थानचा. त्यानं तिला कधी पाहिलेलंच नाही.

"ये किसकी उंगली बनाई?"

"सेठ, फोटो देखके ही बनाई."

"डोळे फुटले का तुझे? घिस डाल! सीधी कर!"

भरदुपारी, माझ्यासमोर त्यानं ती घासून सरळ केली. तो हात धुतोय तोच मला फोन — ताई गेली.

माहेरची साडी घेऊन पाबळला पोचलो. साडी तिच्या अंगावर घालताना तिचा हात बाहेर आला. करंगळी सरळ होती.

"हे... कधी झालं?" मी भाच्याला विचारलं.

"दुपारीच, मामा. जायच्या जरा आधी. आई बोटाकडं बघत म्हणली, बाळ्यानं हात सोडला वाटतं."

बाळ्या म्हणजे मी.

डॉक्टर म्हणाले, नसा सैल पडतात. मोडून वाकडं जुळलेलं हाड कसं सैल पडेल?

आप्पांना दुसरा दगड करून दिला. हा पहिला दुकानातच आहे. रोज शटर उघडलं की आधी त्या करंगळीवरून हात फिरवतो... अजून सरळच आहे.