सुमनकाकूंचं वाचन

सुमनकाकू पुस्तक घेण्याआधी एकच चौकशी करायच्या, "यात मरणारे सावकाश मरतात का गा?" महाल भागातल्या माझ्या छोट्याशा वाचनालयात टोळीयुद्धाच्या कादंबऱ्यांचं कपाट दारामागे आहे. चांगले बापई गडीसुद्धा तिथे इकडेतिकडे बघत जातात. या बाई सरळ तिकडेच. "मागल्या टायमाले एका गोळीत खेळ खतम. मजा नाही आली."

म्हातारपणी कुणाला कशाचा नाद लागेल सांगता येत नाही, असं म्हणून मी सोडून द्यायचो. मग उन्हाळ्यात त्यांचा गुडघा धरला आणि पुस्तक पोचवायला मी घरी गेलो. खाटेवर त्यांचे यजमान, वसंतकाका. अर्धांगवायूने वाचा गेलेली, डावा हात तेवढा हलता. काकू कुलरच्या घरघरीवर आवाज चढवून वाचत होत्या, आणि पुस्तकात ज्याची बोटं छाटली जात होती त्याचं नाव वसंत होतं. ते पुस्तक मी वाचलं होतं. त्यात वसंत कुणी नव्हताच.

"लगन झाल्यापासून यानं मले पट्ट्यानं मारलं," चहा देताना काकू त्यांच्यासमोरच म्हणाल्या. "आता मी याले रोज मारून राहिली. भेव वाटलं पाहिजे याले. बस, तेवढंच पाहिजे मले."

काका डाव्या हाताने खाट बडवत होते. काकूंच्या मते ती भीतीच होती. मी मात्र असल्या पुस्तकांवर वाढलेला माणूस. म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते. त्याला पुढचं पान हवं होतं. स्वतःच्या नावाची बोटं तुटत होती, तरी!

काकूंनाही ते कळायला फार दिवस लागले नाहीत. पुस्तक बदलायला आल्या तेव्हा तोंड कडू झालेलं. "मजा घेऊन राहिला गा तो! मी वाचाची थांबली का हा रडते." मग त्या हळूच हसल्या. बाई मला आवडायच्या, पण त्या हसण्याची मला भीती वाटली.

त्यानंतर शेवटचं प्रकरण त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही. फितूर कोण, टोळीच्या दादाला कुणी मारलं, हे कळायच्या आत काकू पुस्तक मिटायच्या आणि दुसरं उघडायच्या. काका खाट बडवून बडवून थकायचे.

गेल्या महिन्यात काका गेले. तेरवी आटोपल्यावर काकू पुस्तक परत करायला आल्या. मला राहवलं नाही. "काकू, या एका पुस्तकाचा तरी शेवट सांगायचा होता त्यांना."

"मागत होता. डोळ्यानं मागत होता." काकूंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "त्यानं मले कधी सांगितलं होतं का गा, आज कशापायी मारून राहिला म्हणून?"