ढालीवरचा घोडेस्वार

देवांचे टाक घडवणाऱ्याला देवाची भीती राहत नाही. निदान मला नव्हती. चांदीच्या पत्र्यावर नाक, डोळे, तलवार मीच उठवायचो. त्यात बाहेरून कुणी येऊन बसतं हे मला कधी पटलं नाही. आता सत्तरी ओलांडलीय, दुकान मुलाकडे आहे. मुक्ताच्या नावावरचा डाग माझा आहे, एवढं तरी लिहून ठेवावं म्हणतो...

सत्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. जुन्या जालन्यात माझं सोनाराचं दुकान होतं. चंपाषष्ठीच्या आधी तीर्थपुरीकडची सरूबाई आणि तिची सून मुक्ता देवघरातले टाक उजळायला घेऊन आल्या. मेंढ्या राखणारं घराणं. चांदीच्या टाकांत एक सोन्याचा होता – गोल, वर दोन भोकं. समोर बघणारा चेहरा, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर भाला, छातीशी ढाल. ढालीवर ज्वारीच्या दाण्याएवढा घोडेस्वार. घोड्याचा पुढचा एक पाय आखूड.

"आमचा खंडोबा," सरूबाई म्हणाली.

मी असं नाणं पुस्तकात पाहिलं होतं. बायझंटाईन बादशहाचं, दीड हजार वर्षांपूर्वीचं. कुण्या व्यापाऱ्यासोबत इकडे आलं असणार, आणि घोडा-भाला पाहून यांच्या पूर्वजांनी देवघरात बसवलं असणार. माझी नियत फिरली. म्हणालो, "परवा या."

साचा घेतला, सोनं ओतलं. चेहरा, भाला, कडेची परकी अक्षरं – सगळं बराबर उठलं. ढाल मात्र कोरी. पुन्हा ओतलं. कोरीच. साच्यात भिंग लावून पाहिलं, तर तिथं घोडेस्वार स्पष्ट होता! शेवटी कोरणीनं मीच तो खोल कोरला आणि नक्कल त्यांच्या हवाली केली. अस्सल नाणं कापसात गुंडाळून तिजोरीत.

चंपाषष्ठी झाली आणि सरूबाई तणतणत दुकानात आली. मागे मुक्ता, कडेवर लेकरू.

"शेठ, घोडा कुठं गेला?"

ढाल गुळगुळीत होती. माझे कोरणीचे घाव असे पुसले जाणारे नव्हते. घासल्याची खूणही नव्हती.

"हिनंच इटाळ केला. देव उठून गेला घरातून."

"म्या हात बी न्हाई लावला, आत्याबाई. दादा, तुमी तरी सांगा... सोन्यावरचा घोडा असा जातो का?"

माझं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सोनं मऊ असतं, बाई. कुणी राखेनं घासलं असेल."

"ऐकलं का? शेठ काय लबाड बोलून राह्यले?"

मुक्तानं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती दुकानाची पायरी उतरली.

लवकरच कळलं, तिला लेकरासकट अंबडला माहेरी धाडलं. ते कळलं त्याच दुपारी मी तिजोरी उघडली. अस्सल नाण्यावरची ढालही कोरी होती. किल्ली एकच, कायम माझ्या कमरेला.

ते नाणं विकायची हिंमत झाली नाही. सरूबाईला तोंड दाखवायचीही नाही. ती वारल्याचं कळलं तेव्हा कुठे, दहा-बारा वर्षांनी, अंबडला गेलो. मुक्ता अंगणात शेंगा फोडत होती. सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं होतं, दादा. त्या दिशी तुमी टाकाकडं बघून बोलले. माझ्याकडं न्हाई."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"शेठचं सोडून माझं कोण ऐकणार होतं?"

मी नाणं पुढे ठेवलं. ती उठून आतून तांब्याचा एक तुकडा घेऊन आली. देव म्हणून काहीतरी पुजायला हवं, म्हणून बाजारातून आणलेला साधा पत्रा. मधोमध घोडेस्वार... ज्वारीच्या दाण्याएवढा. पुढचा एक पाय आखूड.

"कुणी कोरला?"

"कोण कोरणार? पुजता पुजता दिसाया लागला."

मी नखानं चाचपून पाहिलं. कोरणीचा घाव नाही, ठशाचा दाब नाही, मागची बाजू सपाट. हे काम कुठल्याच हत्याराचं नव्हतं.

"हे तुझं," म्हणत मी नाणं तिच्याकडे सरकवलं. टरफलांनी भरलेल्या हातानं तिनं ते परत लोटलं.

"ठिवा तुमच्याकडंच. त्यात आता कोण हाय?"

नाणं अजून तिजोरीत आहे. दर चंपाषष्ठीला भिंग लावून बघतो. ढाल कोरीच. का, कसं, ते मला सांगता येत नाही. मुक्तानं काही घासलं नव्हतं, एवढंच नक्की माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.