मनीषनगरला, प्रशांतचा बँड ऐकायला

प्रशांत, माझा धाकटा भाऊ, जिवंत असताना त्याचा कामगारांच्या गाण्यांचा बँड मी एकदाही ऐकला नाही. तो काविळीने गेला त्याला या हिवाळ्यात वर्ष झाले. त्या पोरांचा रविवारी नागपूरला मनीषनगरात कार्यक्रम आहे असे मोबाइलवर दिसले, तेव्हा आईला सांगून उमरेडहून निघालो.

कोणाला जायचे असेल तर सांगतो. एसटीने सव्वा तास लागतो. रस्त्यावर कोळशाचे ट्रक फार, म्हणून उजवीकडची खिडकी टाळावी. पूल झाला तरी ऑटोवाले अजून रेल्वे फाटकाचे कारण सांगून जास्त मागतात. चौकात तर्री घातलेला आलूबोंडा चांगला मिळतो. मी अर्धाच खाल्ला.

कार्यक्रम ज्या क्लबात होता, तो म्हणजे फर्निचरच्या दुकानावरची एक खोली. तिकीट तीनशे, त्यात कोल्ड कॉफी. साठेक माणसे, त्यातली बरीच हिंगण्याच्या कंपन्यांतली.

"पंखा तर लावा गा, क्रांती काय घामानं होते का?" मागून कोणीतरी म्हणाले.

"मालक लावून नाही राहिला," गाणारी पायल माइकवरून म्हणाली. "पहिलं गाणं त्याच्यावरच म्हणतो."

लोक हसले. तेवढ्यात तिने मला पाहिले. फोटोवरून ओळखले असावे.

"दादा, तुम्ही? सांगतलं असतं तर स्टँडवर घ्याले आलो असतो."

तिने मला पुढच्या खुर्चीत बसवले आणि प्रशांतचा मोठा भाऊ आला आहे असे सगळ्यांना सांगितले. टाळ्या पडल्या. मी खाली बघत राहिलो.

हिंगण्याच्या एका कंपनीत मी टाइमकीपर होतो. प्रशांत तिथेच ठेकेदाराकडे होता. ठेकेदाराच्या माणसाला सात महिने झाले की काही दिवस घरी बसवतात आणि मग नवे कार्ड देतात, म्हणजे तो कधी पर्मनंट होत नाही. याला ब्रेक म्हणतात. ब्रेकची यादी मी लिहायचो आणि गेटवर मीच वाचायचो. त्यात दोनदा प्रशांतचे नाव होते. संध्याकाळी आम्ही एका खोलीत जेवायचो. भात मीच वाढायचो.

शेवटी त्याचे ब्रेकवरचे गाणे झाले. सगळी खोली म्हणत होती. दोन कडव्यांनंतर शब्द थांबले आणि फक्त ड्रम वाजत राहिला.

"तिसरं कडवं प्रशांतच्या वहीत होतं," पायल म्हणाली. "वही चुकून त्याच्या अस्थी अन् कपड्यांसंग आंभोऱ्याले नदीत गेली. म्हणून इथं आम्ही नुसतं वाजवतो."

चुकून, हे तिला मीच फोनवर सांगितले होते. वही मी आधी वाचली होती. ते पान वाचून झाल्यावर मीच ती त्याच्या शर्टाच्या घडीत ठेवली आणि गाठोडे बांधले.

कार्यक्रमानंतर ती जवळ येऊन बसली. "दादा, वही कधी चाळली होती का? एखादी ओळ? अर्धी असली तरी चालते."

"नाही," मी म्हणालो. "मी गाण्याबिण्यातला माणूस नाही."

"राहू द्या दादा. तुम्ही आले, हेच लय झालं."

तिने तिकिटाचे पैसे परत माझ्या खिशात घालायचा प्रयत्न केला. मी घेतले नाहीत. परतीच्या बसमध्ये तिचा चेहरा डोळ्यांपुढून गेला नाही.

घरी आईने विचारले, "पोरं त्याचं गाणं म्हणतेत का गा?"

"म्हणतेत."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

तो गेल्यावर मी नोकरी सोडली. लोक समजतात, दुःखाने सोडली. मी तसे समजू दिले.

पायलच्या तोंडावर मला बोलता आले नाही, म्हणून इथे लिहितो. हे पान बँडला पाठवणार आहे. वही मुद्दाम बुडवली होती, आणि कडवे मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे:

यादी लिहिते ज्याचा हात, तो माह्या मायचा लेक
घरी वाढते मले भात, गेटावर देते ब्रेक